रायझन ५ ५६००जी: कार्डाचे पैसे वाचले, पण एका स्टिकने डोकं फिरवलं

हा प्रोसेसर घेतला तो एकाच कारणासाठी, वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालायचे नव्हते. ६ कोर, १२ थ्रेड, आणि चिपच्या आतच वेगा ७ नावाचं ग्राफिक्स. सुरुवातीचे महिने मी सगळ्यांना सांगत होतो की ऑफिसच्या कामाला झकास, गेमचं नाव काढू नका. ते मत आता बदललंय. राग आता नागपूरच्या सीताबर्डीतल्या ज्या दुकानाने मशीन जोडून दिलं त्याच्यावर आहे.

त्यांनी १६ जीबी रॅमची एकच स्टिक (पट्टी) लावली. एकच! वेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला फार तर २५.६ जीबी डेटा देते, त्यातही सीपीयू वाटेकरी. दोन चॅनेलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वाटांवर) दोन स्टिक लावल्या की तेच ५१.२ होतं. वर एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडने चालवणारी बायोसमधली सेटिंग, तीही बंद. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला तर रॅमचा स्पीड ३२०० ऐवजी २६६६ आणि खाली ‘स्लॉट्स युज्ड: १ ऑफ २’.

दुकानात गेलो तर म्हणे, “भाऊ, १६ म्हणजे १६, एक काय नि दोन काय? गेम खेळायचा तर कार्ड घ्या ना!” बदलून द्यायला साफ नकार. शेवटी ती स्टिक विकली, ८-८ची जोडी घेतली, तोटा माझ्या खिशातून. पण फरक बघा: भाच्याचा जीटीए ५ आधी ७२०पीवरही वळणावळणाला अडखळायचा, आता १०८०पी नॉर्मलवर सरळ पळतो. बायोसमध्ये ग्राफिक्सला २ जीबी राखून ठेवले, म्हणून विंडोजला १४च्या आसपास उरतात. ८ जीबीत भागवायचा विचारही करू नका.

उन्हाची भीती होती, ती फोल ठरली. मे महिन्यात खिडकीतल्या कूलरवर भागवलं, प्रोसेसरवरचा पंखा बॉक्समधलाच. व्हिडिओ रेंडरला चिपचं तापमान ८५ अंशांपर्यंत गेलं, मर्यादा ९५ची. मशीन एकदाही बंद पडलं नाही. ६५ वॅटच्या चिपकडून आणखी काय हवं?

उणिवा दोन. एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्सनेच व्हिडिओ उलगडणं) नाही, सगळा भार सीपीयूवर पडतो. आणि एसएसडी जोडायची पीसीआयई लाइन ३.०च आहे, तेव्हा ४.०च्या, म्हणजे जेन ४ एसएसडीला जादा पैसे मोजू नका, ते दुसऱ्या स्टिकला ठेवा. बिलावर ‘८ × २’ लिहून घ्या. मदरबोर्ड रॅमच्या चार स्लॉटचा असेल तर सीपीयूकडून मोजून बहुधा दुसरा आणि चौथा भरायचा असतो, मॅन्युअल बघा, आणि कॅबिनेटचं झाकण लागायच्या आधी दुकानातच टास्क मॅनेजर उघडायला लावा.