जुन्या फायबर होडीला टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

होडी अठरा फुटी, फायबरची, पंधरा-वीस वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेली. इंजिन दमलंय, नवं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घ्यायचंय. मालवण असो की हर्णै, चर्चा सुरू होते ती ‘किती एचपी?’ या प्रश्नापासून. माझ्या मते आधी होडीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, किती भार सोसेल ते बघा. जुन्या होडीत इंजिन निवडण्याची खरी मर्यादा तिथेच असते.

बाहेरून फायबर चकचकीत दिसतं, पण ट्रान्समच्या आत बहुतेक वेळा प्लाय असतो. जुन्या बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि प्लाय आतल्या आत कुजतो. लाकडी हातोडीने फळीभर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक; मध्येच बद्द आवाज आला तर तिथे आतल्या बाजूने बारीक भोक पाडून बघा. ड्रिलला कोरडा, फिकट भुसा लागला तर प्लाय चांगला आहे. काळपट, ओला लगदा आला तर इंजिनाचे पैसे तूर्त बाजूला ठेवा आणि फळी बदलून घ्या. जुनं इंजिन अजून लावलेलं असेल तर ते वर उचलून त्याच्या पायावर, म्हणजे पंख्याकडच्या खालच्या भागावर, जोर द्या. फळी लवताना दिसली की समजा, काम निघालंय. नवीन फळीला आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लायच वापरा. प्रत्येक बोल्टाच्या भोकात सीलंट भरायला विसरू नका, कारण कूज सुरू होते ती तिथूनच.

आता वजन. १५ एचपीचं साधं टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं, भरतं चाळीस किलोच्या आसपास. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक, ज्यात ऑइल वेगळं भरतात, पंचेचाळीस ते बावन्न किलो. म्हणजे जुनी फळी चाळीस-पंचेचाळीस किलोच पेलणार असेल, तर त्या वजनात बसणारी खरी निवड १५ चं टू-स्ट्रोक आणि ९.९ चं फोर-स्ट्रोक यांच्यात आहे. दुकानात मात्र १५ ची तुलना १५ शीच करून दाखवतात.

पेट्रोलच्या बाबतीत फोर-स्ट्रोक सरळ जिंकतं. पूर्ण वेगात १५ चं टू-स्ट्रोक तासाला सात लिटरच्या आसपास पितं, शिवाय लिटरमागे वीस मिली ऑइल वेगळं. ९.९ चं फोर-स्ट्रोक चार लिटरच्या आसपास थांबतं. मंद वेगात हा फरक आणखी जाणवतो. डॉल्फिन दाखवायला पर्यटक नेत असाल तर होडी बराच वेळ रेंगाळत चालते. तिथे टू-स्ट्रोकचा प्लग काळा पडतो आणि धूर नेमका मागे बसलेल्यांच्या तोंडावर येतो. अशा धंद्याला टू-स्ट्रोक घेऊच नये.

कांडाळी, म्हणजे मासे अडकवणारी उभी जाळी, टाकणाऱ्याचं गणित निराळं. जाळी, बर्फ, तीन माणसं आणि परतताना वाऱ्याच्या तोंडावर यायचं. ९.९ ने होडी चालेल, पण भरलेल्या होडीला सहा नॉटच्या (ताशी अकरा किलोमीटरच्या) पुढे फारशी नेणार नाही. खाडीच्या तोंडावर लाट फुटत असताना हाताशी जादा ताकद लागते. ती चैनीची गोष्ट नाही, जिवाशी गाठ असते. शिवाय रोज इंजिन काढून खांद्यावरून घरी न्यायचं असेल तर टू-स्ट्रोक कसंही आडवं ठेवता येतं. फोर-स्ट्रोक चुकीच्या कुशीवर आडवं केलं तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. इंजिन पाण्यात बुडालंच, तर टू-स्ट्रोक गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून, सुकवून त्याच दिवशी सुरू होण्याची आशा असते. त्याचे भाग कमी, गावातला मिस्त्रीही ते उघडतो. इंजेक्शनवालं फोर-स्ट्रोक बिघडलं तर त्याला कंपनीचाच माणूस लागतो, आणि तो किती लांब आहे ते आधी विचारून ठेवा.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, तेव्हा दोन्ही प्रकारांत एक काळजी सारखीच: पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं, पाणी तळाशी साचतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये त्या थरात ऑइलच नसतं. होडीत जुनी फायबरची पेट्रोलची टाकी असेल तर ती वापरू नका. फायबरला बांधून ठेवणारं रेझिन इथेनॉल सोडवतं. प्लास्टिकची सुटी टाकी बरी.

शाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या पायाची, लांबी ट्रान्समच्या उंचीवरून ठरते: पंधरा इंचाला शॉर्ट, वीस इंचाला लाँग. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असावी. जास्त वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर इंजिन नुसतं पाणी कापत बसतं.

माझा कौल असा: पर्यटक, खाडीतली ये-जा, दिवसभराचा मंद वेग, तर ९.९ फोर-स्ट्रोक. रोजची मासेमारी, वाळूवर ओढायची होडी, जवळ फक्त गावचा मिस्त्री, तर १५ टू-स्ट्रोक. फळी नवी, भक्कम केली असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर मासेमारीलाही १५ चं फोर-स्ट्रोक घ्या. रोज समुद्रात जाणाऱ्याला पेट्रोलची बचत ठळक दिसते.

सेकंडहँड घेत असाल तर गिअरचं ऑइल थोडं काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ते दुधाळ असेल तर सील गेलंय आणि पाणी आत शिरलंय.