वर १९५३ची शेव्हरोले, खाली १९९६ची टाहो

आमचे बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रकच्या बॉडी बांधायचे. त्यामुळे अमेरिकेतल्या डेन्व्हरजवळच्या या गॅरेजात (नाव देत नाही, पुढे तक्रारही आहे) गेलो तेव्हा रंगकामाआधी मी मिस्त्रीचा टेप किती वेळा बाहेर येतो ते पाहिलं. सारखा येत होता. तिथेच गाडी ठेवली.

गाडी म्हणजे शेव्हरोले ३१०० पिकअप. समोरची काच दोन तुकड्यांची, बॅटरी ६ व्होल्टची, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ताशी ५० मैलांच्या वर इंजिन विव्हळायचं. आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याचा चढ लागला की माझ्यामागे वरात. बर्फात तर मागची चाकं जागीच गरगर. म्हणून कॅब, बोनेट, हौदा उचलून शेव्हरोलेच्याच चार दारांच्या फोर-बाय-फोर (चारही चाकं ओढणाऱ्या) टाहो एसयूव्हीच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसवायचं ठरलं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं टाहोचंच.

खरी गंमत दीड इंचाची. जुन्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११६ इंच, टाहोचा ११७.५. तसंच बसवलं तर एक तरी चाक मडगार्डच्या कमानीत एका अंगाला सरकतं आणि गाडी लंगडी दिसते. मिस्त्रीने पुढचं चाक बरोबर मध्ये धरलं. मागची मडगार्डं हौद्याला बोल्टनेच बसतात, म्हणून भोकं दीड इंच मागे पाडली आणि फूटबोर्ड तेवढाच वाढवला. जोड कुठे आहे ते मला बोट फिरवूनही कळलं नाही. बाबांनी पाठ थोपटली असती, आणि ते सहसा थोपटत नसत. टाहोच्या व्ही-८ इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (ठिणगीचा करंट वाटणारा भाग) इंजिनच्या मागच्या टोकाला असतो, तो कॅबच्या पत्र्याला भिडत होता. तिथेही पत्रा कापून नीटस खोबण केली.

चार महिने सांगितले होते, अकरा लागले. त्याचं मला फार वाटलं नाही.

राग आला तो वायरिंगचा. डॅशबोर्डावर जुनाच पेट्रोलचा काटा हवा, हा माझा हट्ट. तो काटा ० ते ३० ओहम रोधाचा, म्हणजे ३०ला 'फुल्ल' दाखवणारा, आणि टाहोच्या टाकीतला फ्लोट ० ते ९०चा. त्यांनी थेट जोडून दिला. मग काय, टाकी एक तृतीयांशावर येईपर्यंत काटा 'फुल्ल'वर ठाण मांडून! मी अर्धी टाकी आहे म्हणून निवांत, आणि गाडी रस्त्याच्या कडेला बंद. बायको शेजारी, बाहेर उणे तापमान. संवाद इथे लिहिण्याजोगा नाही. फोन केला तर म्हणे, "जुन्या गाड्यांचे काटे असेच असतात." शेवटी दुसरीकडे पदरचे पैसे घालून मधे दोघांचे आकडे जुळवणारा कन्व्हर्टर बसवून घेतला.

टाहोची चाकंही जुन्या अंगाला जरा रुंद पडतात. चाकांना खोल डिस्क (रिम) घालूनसुद्धा टायर अर्धा इंच बाहेर डोकावतो आणि हौद्यात लाकडं भरली की वळणावर मडगार्डला घासतो. हे मात्र त्यांनी आधीच सांगितलं होतं, मीच कानाआड केलं.

पत्राकामासाठी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन. वायरला मात्र हात लावू देणार नाही.