वृषणपेशी, नॅनोकण आणि ९६ वेलचं एमटीटी किट

एमटीटी हा पिवळा रंग; जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मेझन करतात, आणि जांभळा जितका गडद तितक्या पेशी जिवंत धरतात. ९६ वेल (छोटे खळगे) असलेल्या प्लेटवर हे मोजणारं, बडोद्यातल्या प्रयोगशाळा-सामानाच्या पुरवठादारांकडे सहज मिळणारं हे साधं किट औषधांच्या चाचणीला उत्तम आहे. नॅनोकणांसाठी माहितीपत्रक जसंच्या तसं पाळलं, तर मात्र आकडे फसवतात.

एमटीटीची पूड नीट विरघळते. ५ मिग्रॅ/मिलीचं द्रावण गाळल्यावर स्वच्छ पिवळं दिसतं. हिरवट झाक आली की टाकून द्यावं. मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) ०.५ मिग्रॅ/मिली, ३७ अंशांवर ३-४ तास, मग फॉर्मेझन विरघळवायला डीएमएसओ हा द्रावक आणि ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंगाचं रीडिंग. इथवर तक्रार नाही.

खरी उणीव कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीच्या वेलांची आहे. पत्रकात फक्त मीडियमचा ब्लँक (पेशी आणि कण नसलेला वेल) दिलाय. वनस्पतीच्या अर्कातून बनवलेल्या चांदीच्या कणांवर पॉलिफेनॉलचा थर असतो, आणि तो पेशी नसतानाही एमटीटीचं जांभळं फॉर्मेझन करू शकतो. म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात! कार्बन नॅनोट्यूब उलटं करतात: फॉर्मेझनला चिकटून बसतात, ते विरघळत नाही, आणि जिवंत पेशी मेल्यासारख्या वाटतात. टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश विखुरतं, त्यामुळे रीडिंग चुकतं. म्हणून प्रत्येक मात्रेला दोन जादा वेल ठेवाच: कण आणि एमटीटी पण पेशी नाहीत; पेशी आणि कण पण एमटीटी नाही. डीएमएसओनंतर प्लेट सेंट्रिफ्यूज करून वरचे १०० मायक्रोलिटर नव्या प्लेटमध्ये घ्यावेत. नॅनोट्यूबच्या चिकटण्यावर मात्र हा उपाय चालत नाही. तिथे दुसरी चाचणी लागते. चांदीसाठी सिल्व्हर नायट्रेटचा कंट्रोलही हवा, नाहीतर परिणाम कणांचा की सुट्या आयनांचा हे कळणार नाही.

दुसरी मर्यादा किटची नाही, पण विकत घेण्याआधी ओळखावी. वृषणातल्या सर्टोली पेशी बहुतेक ग्लुकोजचं लॅक्टेट करतात आणि त्यावर वाढत्या शुक्रपेशी जगतात. हे लॅक्टेट घटलं तरी एमटीटीचा आकडा जागेवरच राहू शकतो. टीएम४ (उंदराच्या सर्टोली) पेशींवर काम असेल तर मीडियममधलं लॅक्टेट प्रथिनाच्या प्रमाणात मोजा, तेही सीरमविना (सीरम म्हणजे मीडियममध्ये घालतात तो रक्ताचा द्रव भाग), कारण सीरममध्ये स्वतःचं लॅक्टेट असतं.

५ पैकी ३ गुण. मे महिन्यात मागवलंत तर पार्सल उघडताच बर्फाची जेल पाकिटं गार आहेत का बघा. जानेवारीच्या सकाळी डीएमएसओची बाटली गोठलेली दिसली तर घाबरू नका: ते १८.५ अंशांखाली गोठतंच, ३७ अंशांच्या पाण्यात ठेवलं की पुन्हा पातळ होतं.