स्टिकर खरं होतं, गिअरबॉक्स दुसराच

आधी माझी चूक सांगतो, मग जुना गिअरबॉक्स विकणाऱ्याची लबाडी.

जुन्या पिकअपमध्ये जीएमचं (जनरल मोटर्स) ६.० लिटरचं व्ही-८ इंजिन बसवत होतो, तेही ताकद वाढवायला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून. टॉर्क, म्हणजे इंजिनाची पिळण्याची ताकद, ४०० फूट-पाउंडांच्या घरात जाणार हे ठाऊक होतं. अशा इंजिनामागे जीएमचा दणकट ऑटोमॅटिक, ४एल८०ई गिअरबॉक्सच हवा. पण तो लांब आणि जड. क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी) सरकवा, प्रोपेलर शाफ्ट कापून घ्या, वायरिंगही वेगळं. माझ्या गाडीत आधी त्याचा हलका भाऊ, ४एल६०ई होता. त्यामुळे जुन्या पार्टचा विक्रेता म्हणाला, "४एल६५ई देतो, आतून दणकट, बाहेरून तुमच्यासारखाच, नटाला नट बसेल," तेव्हा मला हवं होतं तेच कानावर पडलं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच मेख. ६५ मध्ये प्लॅनेटरीला (आतल्या गिअरच्या संचाला) चारऐवजी पाच पिनियन, म्हणजे छोटे गिअर, असतात, पण ते केसिंगच्या पोटात. बाहेरून दोघे जुळे भाऊ. ४एल८०ई असता तर पॅनचे (खालच्या तेलाच्या तबकाचे) बोल्ट मोजूनही कळलं असतं: त्याला १७, ६० च्या घराण्याला १६. इथे मोजून काय उपयोग?

पुरावा म्हणून त्यानं ग्लोव्हबॉक्समधल्या स्टिकरचा फोटो पाठवला. कोपऱ्यात कॉफीचा डाग, मधोमध एम३२ हा कोड. एम३२ म्हणजे ४एल६५ई, एम३० म्हणजे साधा ४एल६०ई. मी तपासलं, जुळलं, खूश झालो. स्टिकर गाडीचं असतं, गिअरबॉक्सचं नव्हे, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. केसिंगवर पॅनच्या कडेजवळ जो कोड असतो, तिथे चंदेरी रंगाचा जाड थर होता. तेल लालभडक, पॅनचं पॅकिंग कोरं. मला वाटलं, माणसानं किती जपलंय! जळकं तेल काढून टाकायचं असेल तेव्हाही हेच करतात.

काही दिवस गाडी झकास पळाली. मग एका चढावर दुसऱ्यातून तिसरा पडायच्या वेळी इंजिन नुसतं रेस झालं, गाडी उचलेचना. पहिला, दुसरा, रिव्हर्स शाबूत, तिसरा-चौथा गायब. खोलल्यावर तिसरा-चौथा गिअर धरणाऱ्या ३-४ क्लचच्या प्लेटा कोळशासारख्या, पॅनच्या तळाशी काळा गाळ, आणि पिनियन मोजले तर चारच. तो गाळ टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलानं जोडणारा भाग) आणि तेलाच्या कूलरमध्येही शिरला होता, म्हणजे तेही गेले. (खरा ६५ असता तरी या टॉर्कपुढे तो काठावरच होता, हे आता कबूल करतो.)

वॉरंटी? पावतीवर बारीक अक्षरात होतं: फक्त मूळ इंजिनासोबत वापरल्यास. मी इंजिन बदलतोय हे पहिल्या फोनपासून त्याला माहीत होतं. वर पावतीत मॉडेलचं नावच नाही, नुसतं "४ स्पीड ऑटोमॅटिक". भांडायला धागाही ठेवला नव्हता.

आता पैसे देण्याआधी माझ्यासमोर पॅन खोलायला लावतो, कोडावरचा रंग खरवडतो, आणि पावतीवर मॉडेल व इंजिन दोन्ही लिहून घेतो. जो नाही म्हणतो त्याच्याशी पुढचं बोलणं होत नाही.

मागच्या आठवड्यात एका जाहिरातीत ४एल६५ई दिसला. सोबत स्टिकरचा फोटो, कोपऱ्यात तोच कॉफीचा डाग.