लहानमोठे कॉलम एकत्र आणताना: सीबाइंड, एनए की मर्ज?

समजा, दोन केंद्रांवरचा जून महिन्याचा रोजचा पाऊस तुमच्याकडे आलाय. एका केंद्राच्या ३० नोंदी, दुसऱ्याच्या फक्त १५. आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत हे दोन कॉलम सीबाइंडने (कॉलम शेजारी-शेजारी जोडणारं फंक्शन) जोडले तर काहीही कुरकुर न होता तक्ता तयार होतो, आणि तिथेच घात होतो. ३० ला १५ ने पूर्ण भाग जातो, म्हणून आर लहान कॉलम पुन्हा पहिल्यापासून वापरतं. १६ जूनसमोर १ जूनचा पाऊस येऊन बसतो. डेटा.फ्रेम हे तक्ता बनवणारं फंक्शनही नेमकं हेच करतं.

दुसऱ्या केंद्राच्या नोंदी २८ असत्या तर दोघांचं वागणं वेगळं. डेटा.फ्रेम एरर देऊन थांबतं. सीबाइंड नुसती वॉर्निंग देतं आणि तक्ता हातात ठेवतंच. शेवटच्या दोन ओळींत पहिल्याच दोन नोंदी परत येतात. लांबी कमीजास्त असण्याची जराही शक्यता असेल तर सीबाइंड वापरूच नका, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा टिबल (आरमधलाच तक्त्याचा जास्त कडक प्रकार) बरं: एकच मूल्य दिलं तर ते सगळ्या ओळींना लावतं, बाकी लांबी जुळली नाही की सरळ नकार.

झटपट उपाय म्हणजे लहान व्हेक्टरची (म्हणजे कॉलममधल्या मूल्यांच्या यादीची) लेंग्थ ३० करून टाकणं. उरलेल्या जागी एनए (म्हणजे ‘मूल्य नाही’) येतो, एररही जाते. पण हे एनए नेहमी तळाशी बसतात. दुसऱ्या केंद्रावर ९ आणि १७ जूनच्या नोंदी राहून गेल्या असतील, तर १० जूनचा पाऊस ९ तारखेसमोर सरकतो आणि १७ नंतर सगळं दोन ओळींनी वर जातं. मग काढलेला सहसंबंध कुठल्या दिवसांचा, हे कोणीच सांगू शकणार नाही. फाइल कोणाला नुसती बघायला पाठवायची असेल तरच ही पद्धत चालेल.

तारीख हाताशी असेल तर मर्ज (सामाईक कॉलमवरून दोन तक्ते जुळवणं) करा, दुसरा विचारच नको. दोन्ही तक्त्यांत तारखेचा कॉलम ठेवा आणि ऑल = ट्रू द्यायला विसरू नका; नाही दिलं तर फक्त सामाईक तारखा उरतात आणि ते दोन दिवस गुपचूप गळतात. डीप्लायर या आरच्या पॅकेजमध्ये यालाच फुल_जॉइन. एकच तारीख दोन्हीकडे दोनदा आली असेल तर तिच्या चार ओळी होतात, तेव्हा आधी डुप्लिकेट तपासा.

ओळींचा एकमेकींशी संबंधच नसेल तर? एका तुकडीत ४२ मुलं, दुसरीत ३७, दोन्हीकडचे गुण. इथे शेजारी लावण्यात अर्थच नाही. लिस्ट करा आणि स्टॅकने उभी मांडणी करा: एका कॉलममध्ये गुण, दुसऱ्यात तुकडीचं नाव. बॉक्सप्लॉट (गुणांच्या पसाऱ्याचा आलेख), टी-टेस्ट (दोन सरासरींची तुलना) दोन्ही या मांडणीवर नीट चालतात.

पायथॉनवाल्यांसाठी थोडक्यात: पांडाज या डेटा हाताळायच्या लायब्ररीत वेगवेगळ्या लांबीच्या याद्यांची डिक्शनरी डेटाफ्रेमला दिली तर एरर येते. कॉन्कॅट मात्र अ‍ॅक्सिस १ वर (म्हणजे शेजारी-शेजारी) इंडेक्स (ओळींची लेबलं) जुळवून जोडतं आणि रिकाम्या जागी नॅन भरतं. पूर्णांकांचा कॉलम त्यामुळे सहसा दशांशात जातो. फिल्टर केलेल्या डेटाचा इंडेक्स जुनाच राहतो, आणि तो रीसेट केला की वरच्यासारखीच सरकासरक होते. म्हणून कॉन्कॅटच्या आधी तारीखच इंडेक्स करून घ्या.