टाकीवाला एअरब्रश कॉम्प्रेसर: ठाण्यात एक पावसाळा काढल्यावर

एअरब्रश म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारणारी गन, कॉम्प्रेसर तिला दाबलेली हवा पुरवतो. माझं मशीन: १/६ हॉर्सपॉवर, ३ लिटरची टाकी, ४ बारला आपोआप बंद, सोबत ०.३ मिमी सुईची डबल ॲक्शन गन. हे आकडे घेणाऱ्यांना पाठच असतात, त्यावर शब्द खर्च करत नाही. मला बोलायचंय ते दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरखालच्या पारदर्शक वाटीबद्दल, म्हणजे हवेतलं पाणी अडवणाऱ्या वॉटर ट्रॅपबद्दल. जाहिरातीत तिला अर्धी ओळ मिळते. ठाण्यात राहणाऱ्याने आधी तीच बघावी.

माझ्याकडे रंगवायला दोन मॉडेल रॉकेटं होती. एक मामांनी अमेरिकेहून आणलेली एस्टेस कंपनीची बिग बर्था: २४ इंच उंच, पुठ्ठ्याची नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे पंख. रंगाचे पोपडे निघालेले, नाक नळीला बांधून ठेवणाऱ्या शॉक कॉर्डचं रबर वाळून तुटलेलं. दुसरी घरीच बनवलेली आरएच-७५ ची प्रतिकृती. १९६७ साली थुंब्याहून सुटलेलं ते भारतीय बनावटीचं साउंडिंग रॉकेट (वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारं) ७५ मिमी व्यासाचं होतं, प्रतिकृतीही तेवढ्याच जाडीची आहे.

स्प्रे कॅन स्वस्त पडतो, मग एवढा खर्च कशाला? वजनासाठी. कॅनचा थर जाड बसतो आणि रंगाचा बराच भाग पंखांवर, म्हणजे शेपटीकडे जातो. रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापुढे निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा लागतो. शेपूट जड झाली की हे अंतर घटतं आणि रॉकेट सरळ जायचं सोडून भरकटतं. रॉकेट कपाटात ठेवायचं असलं तरी मला हे सांभाळायचंच असतं. जुना रंग काढायला ४०० नंबरचा पेपर कोरडाच वापरायचा. सँडिंग सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा थर, लागेपर्यंत पुठ्ठ्याला पाणी दाखवायचं नाही, नळी फुगते.

एप्रिल-मेमध्ये मशीनने सुरेख काम केलं. १५-२० पीएसआय दाबावर प्रायमर इतका पातळ बसला की बाल्साच्या रेषा कुठे भरल्यात आणि कुठे राहिल्यात हे बोट फिरवून कळत होतं. जुलैत गन थुंकायला लागली. पांढऱ्या ॲक्रिलिकवर पाण्याचा एकच थेंब पडला, रंग बाजूला सारून मध्ये खड्डा आणि भोवती उंच कड करून बसला. दुसरा मास्किंग टेपच्या कडेखाली शिरला आणि काळा पट्टा फाटला. वाटी मात्र कोरडी ठणठणीत! तेव्हा मी या मशीनला दोन तारे दिले होते.

आता ते मत बदललंय. दाबलेली हवा तापते आणि गरम असेपर्यंत बाष्प धरून ठेवते. ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून असल्यामुळे हवा त्यातून गरमच निघून जाते, पुढे गनकडे जाणाऱ्या नळीत थंड होते आणि पाणी तिथे सुटतं, ट्रॅपच्या पलीकडे. टाकीत थोडं पाणी बसतं, पण मशीन सलग चाललं की टाकीही गरम होते. म्हणून लांब नळी घेतली, दुसरा छोटा ट्रॅप गनजवळ लावला आणि नळीचा झोल गनपेक्षा खाली ठेवला. काम संपलं की टाकीच्या तळाचा ड्रेन उघडायचा, भर पावसात मधेही एकदा. तेव्हापासून एकही थेंब आलेला नाही. बिनटाकीचं मशीन हजार-दीड हजाराने स्वस्त दिसतं, पण ते सतत चालतं, सतत तापतं. आपल्या हवेत ती बचत परवडत नाही.

मग मूळ ट्रॅपच्या वाटीतून हवा गळायला लागली. कंपनीला फोन केला. उत्तर आलं, "पाणी साचून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." पाणी अडवायला बसवलेल्या भागात पाणी साचलं, म्हणून वॉरंटी नाही! वर मशीन स्वखर्चाने कुरिअर करा, तपासणीची फी वेगळी. मी फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, तीच दोन वाक्यं परत आली. याचा मला आजही संताप येतो, कारण बिघाड फक्त एका ओ-रिंगचा, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याचा होता. वागळे इस्टेटमधल्या न्यूमॅटिक फिटिंगच्या दुकानदाराने वाटी उघडली, चिरलेली रिंग बाजूला काढली आणि मापाची नवी वीस रुपयांत दिली. "दोन घेऊन ठेवा," एवढंच म्हणाला. घेतल्या.

गनबद्दल थोडक्यात: ॲक्रिलिकला उत्तम. लॅकरसाठी लागणारा एनसी थिनर वापरणार असाल तर आतली पॅकिंग पीटीएफईची (टेफ्लॉनची) आहे का ते विचारून घ्या, साधं रबर फुगतं. आणि लॅकरचा ग्लॉस पावसाळ्यात मारूच नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी बसतं आणि काळा रंग दुधाळ होतो. रंग सावकाश वाळवणाऱ्या रिटार्डरने थोडं सावरतं, पण बिग बर्थाचा काळा ग्लॉस मी ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवला आणि तो आरशासारखा आला.

मशीनला आता चार तारे. पाचवा त्या ट्रॅपच्या जागेमुळे कापला. सर्व्हिसला शून्य. ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. कंपनीने काही उत्तर दिलं तर इथेच लिहीन.