पीपीटीपक३ : डायटमच्या पेशीत प्रथिन कुठे जातं ते दाखवणारं प्लाझ्मिड

फिओडॅक्टायलम ट्रायकॉर्न्युटम या डायटमचं (एकपेशीय शैवालाचं) हरितलवक चार पटलांच्या आत असतं. ते लाल शैवालाकडून आलेलं, त्यामुळे त्या शैवालाची जुनी यंत्रणा आजही प्रथिनांच्या वाहतुकीला लागते. सर्वांत बाहेरचं पटल अंतर्द्रव्यजालिकेशी सलग असतं. त्याच्या आतलं दुसरं पटल ओलांडायला एसडर१ प्रथिनं लागतात. त्यांचंच भावंड एचडर१ मात्र अंतर्द्रव्यजालिकेत बसून बिघडलेली प्रथिनं बाहेर काढतं. अशा भावंडांपैकी कुठल्या जनुकाचं प्रथिन कुठे जातं हे नुसत्या डीएनएच्या क्रमावरून सांगण्यापेक्षा त्याला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडून बघितलेलं बरं, आणि त्यासाठी प्लाझ्मिड पुरवणाऱ्या अ‍ॅडजीनकडून मिळणारं पीपीटीपक३ हे प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) आम्ही बेलाशक सुचवतो.

या प्लाझ्मिडची खरी ताकद यीस्टकडून घेतलेल्या सेन६-एआरएसएच४-हिस३ या तुकड्यात आहे. त्याच्यामुळे प्लाझ्मिड डायटमच्या केंद्रकात वेगळं टिकतं, गुणसूत्रात शिरत नाही. जीन गनने, म्हणजे डीएनए लावलेले धातूचे कण पेशींवर झाडून, डीएनए घुसवला तर तो कुठेही, कितीही प्रतींत चिकटतो आणि प्रत्येक वसाहत वेगळी चमकते. इथे वसाहती बऱ्याच एकसारख्या निघतात. शिवाय झिओसिन (प्लाझ्मिड असलेल्या पेशीच ज्यात तगतात ते प्रतिजैविक) काढून घेतलं की काही आठवड्यांत बऱ्याच पेशींतून प्लाझ्मिड गळून जातं, म्हणून जनुकं कापणाऱ्या कॅस९साठीही हा सांगाडा सोयीचा आहे.

अ‍ॅडजीन संस्था प्लाझ्मिड जिवाणूंसकट आगर भरलेल्या कुपीत पाठवते. आल्याबरोबर प्लेटवर रेघ ओढून एकेक वसाहत वेगळी करा, ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवायचा साठा) करून ठेवा. प्रवर्तक (जनुक चालू करणारा तुकडा), जनुक, जीएफपी, समापक (ते थांबवणारा तुकडा) ही जुळणी आपली आपणच करायची.

पुढचं काम संयुग्मनाचं, म्हणजे जिवाणूकडून डायटममध्ये प्लाझ्मिड पोचवण्याचं. ई. कोलाय या जिवाणूमध्ये पीटीए-मॉब हे मदतनीस प्लाझ्मिडही लागतं. ते जेंटामायसिन या प्रतिजैविकावर टिकतं. डायटम ४ दिवस प्लेटवर वाढवून खरवडा आणि मिलिलिटरला ५० कोटी पेशी होतील इतक्या दाट करा. ई. कोलायची वाढ ओडी (गढूळपणाचं माप) ०.८ ते १.०ला थांबवा. दोन्ही २००-२०० मायक्रोलिटर मिसळून ५ टक्के एलबी (जिवाणूंचं खाद्य) घातलेल्या, निम्म्या ताकदीच्या एल१ या खारट माध्यमाच्या आगरवर पसरा. ३० अंशांवर अंधारात ९० मिनिटं, मग १८ अंशांवर उजेडात २ दिवस. त्यानंतर खरवडून झिओसिनच्या प्लेटवर न्या. वसाहती १० ते १४ दिवसांत दिसतात. ३० अंशांचा टप्पा लांबवू नका, डायटमला ती उष्णता मानवत नाही.

सगळ्यात जास्त घोळ मिठाचा होतो. पूर्ण खारट माध्यमात झिओसिनचा जोर कमी पडतो आणि प्लेटभर तपकिरी थर येतो. म्हणूनच माध्यम अर्धं. दुसरी चूक त्याहून महाग पडते. जीनोममधल्या अंदाजी मॉडेलमध्ये जनुकाची सुरुवात पुष्कळदा चुकलेली असते. संकेत पेप्टाइडच (प्रथिनाच्या सुरुवातीचा, त्याचा पत्ता सांगणारा तुकडा) कापलं गेलं तर प्रथिन पेशीद्रवात पसरतं आणि माणूस प्लाझ्मिडला दोष देतो. आधी आरएनएचा क्रम जुळवून सुरुवात पक्की करा. जीएफपी कायम सी टोकाला, म्हणजे प्रथिनाच्या शेवटाला जोडा. एन टोकाला, म्हणजे सुरुवातीला जोडलंत तर संकेत झाकला जातो.

संकेताचा नेमका अर्थ या प्लाझ्मिडवर फार सुरेख दिसतो. संकेतातल्या एएसएएफएपी या अमिनो आम्लांच्या आकृतिबंधातलं फेनिलअ‍ॅलनिन जागेवर असलं की हिरवा रंग हरितलवकात भरतो. त्या जागी अ‍ॅलनिन हे दुसरं अमिनो आम्ल घातलं की हरितलवकाच्या कडेला एकच हिरवा ठिपका उरतो: प्रथिन दुसऱ्या आणि तिसऱ्या पटलांमधल्या जागेत अडकलेलं असतं. एसडर१ही असाच ठिपका देतं. क्लोरोफिलची लाल चमक ६५० नॅनोमीटरच्या पुढे वेगळ्या चॅनेलवर घ्या, म्हणजे ठिपका हरितलवकाला खेटून आहे की आत, हे कळतं.

प्रवर्तक जोरकस असेल तर प्रथिन अंतर्द्रव्यजालिकेत तुंबतं आणि निष्कर्ष फसतो. नायट्रेट रिडक्टेजचा प्रवर्तक घ्यावा: अमोनियममध्ये बंद, नायट्रेटमध्ये चालू. नायट्रेट दिल्यावर लवकर लवकर बघत राहा.

चारपैकी नेमकं कोणतं पटल, हे साध्या जीएफपीने कळणार नाही. पटलं इतकी जवळ आहेत की सूक्ष्मदर्शकाला ती वेगळी दिसतच नाहीत. तेवढं हवं असेल तर जीएफपीचे दोन तुकडे करून एक प्रथिनाला आणि दुसरा ठाऊक असलेल्या कप्प्यातल्या खुणेला जोडावा लागतो. पाया म्हणून त्यालाही हेच प्लाझ्मिड चालतं.